खाणपट्ट्यातली चुरशीची पोटनिवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेरचा कोळसा, तुमसरचं मँगनीज, एटापल्लीतल्या सुरजागडचं लोहखनिज. या पट्ट्यात एखादी जागा रिकामी झाली की मतदार, पाळीवरचे कामगार, बूथवर बसणारे कार्यकर्ते आणि मोजणीच्या टेबलाला बसणारे प्रतिनिधी ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शे-दोनशे मतांच्या लढतीचा निकाल तीन कागदांवर ठरतो: मतदार यादी, नमुना १७-सी (मतदान केंद्रावरच्या मतांचा हिशेब) आणि वेळेत दिलेला लेखी अर्ज. म्हणून सर्वांत जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

आमदाराची जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक किती दिवसांत होते?

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १५१-अ प्रमाणे सहा महिन्यांत. अपवाद दोन. उरलेला कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असेल तर निवडणूक घेण्याचं बंधन राहत नाही. ठरल्या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं, तरीही ती टळते.

विदर्भाने या अपवादांचा अनुभव घेतला आहे. अकोला पश्चिमची पोटनिवडणूक २६ एप्रिल २०२४ या तारखेसाठी जाहीर झाली होती. नव्या आमदाराला वर्षही मिळणार नाही, या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. सावनेरचे सुनील केदार डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षेमुळे अपात्र ठरले. तिथेही मुदत कमी उरली होती, पोटनिवडणूक झाली नाही.

चंद्रपूरच्या लोकसभा जागेचं मात्र मनाला लागतं. खासदार बाळू धानोरकर यांचं ३० मे २०२३ रोजी निधन झालं. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत, म्हणजे वर्षाहून थोडी जास्तच होती, तरी निवडणूक घेतली गेली नाही. त्याच वर्षी रिकाम्या झालेल्या पुण्याच्या जागेसाठी उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तातडीने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली. खाणींनी वेढलेला एवढा मोठा मतदारसंघ वर्षभर खासदाराविना राहिला. म्हणून जागा रिकामी झाली की पहिल्याच आठवड्यात दोन तारखा लिहून ठेवा: जागा रिकामी झाल्याची आणि सभागृहाची मुदत संपण्याची.

अधिसूचनेपासून मतदानापर्यंत किती वेळ मिळतो?

अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपते. दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत, आणि त्यानंतर किमान १४ दिवसांनी मतदान. म्हणजे साधारण २४ दिवस. मध्ये सुट्ट्या आल्या तर एखाद-दोन दिवस वाढतात.

माझं नाव यादीत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर टाकता येतं का?

येतं, पण दार लवकर बंद होतं. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत एकही नाव घालता, काढता किंवा हलवता येत नाही. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही. उमेदवारी अर्जाची मुदत संपण्याच्या किमान दहा दिवस आधी नोंदणीचा अर्ज बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) किंवा ऑनलाइन पोचला पाहिजे. नवीन नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७, पत्ता बदलण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी नमुना ८. वयाची १८ वर्षं १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांवर मोजली जातात.

नाव आहे की नाही हे मतदानाच्या सकाळी पाहू नका. जुनं मतदार कार्ड हातात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असा समज या भागात फार आहे. कार्ड ओळख पटवतं, मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो.

आमचं गाव खाणीत गेलं. पुनर्वसन वसाहतीत राहतो. मत कुठे द्यायचं?

जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथलं नाव ग्राह्य. ओपनकास्टचा (उघड्या खाणीचा) विस्तार झाला, गाव उठलं आणि नवी वसाहत वसली, तरी यादीतली नावं आपोआप हलत नाहीत. प्रत्येक मतदाराने नमुना ८ भरावा लागतो.

चूक होते ती अशी. घरं पाडली गेल्यावर बीएलओ जुन्या पत्त्यावर जातो, तिथे कोणी सापडत नाही, आणि नाव 'अनुपस्थित, स्थलांतरित, मृत' या यादीत जातं. नव्या पत्त्यावर अर्ज केलेला नसेल तर माणूस दोन्हीकडून जातो. गाव उठण्याची नोटीस आली की ग्रामपंचायतीने घरनिहाय यादी करावी आणि प्रत्येक घराने आपापले नमुना ८ तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पत्त्याचा पुरावा म्हणून पुनर्वसन भूखंडाचं वाटपपत्र, वीज बिल किंवा बँक पासबुक जोडावं.

'अनुपस्थित' यादीत नाव गेलं म्हणून मताचा हक्क जात नाही. मतदान केंद्रावर ही यादी वेगळी असते. त्यातला माणूस प्रत्यक्ष आला तर केंद्राध्यक्ष ओळख काटेकोरपणे तपासतात आणि मतदान करू देतात. 'तुमचं नाव त्या यादीत आहे, घरी जा' असं कोणी म्हटलं तर जाऊ नका, केंद्राध्यक्षांना भेटा.

दोन ठिकाणी नाव असेल तर?

एकच ठेवा. एकाच मतदारसंघात दोनदा किंवा दोन मतदारसंघांत नाव नोंदवायला कायद्याने मनाई आहे, आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दोन मतदारसंघांत मत टाकलं तर दोन्ही मतं बाद धरली जातात.

राजुरा मतदारसंघात हा प्रश्न दोन कारणांनी नाजूक आहे. जिवती तालुक्यातल्या १४ सीमावर्ती गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथल्या अनेक कुटुंबांकडे दोन्हीकडची मतदार कार्डं आहेत. त्यात त्या लोकांचा दोष नाही, दोन्ही सरकारांनी त्यांना आपलं म्हटलं. दुसरं कारण असं की २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी याच मतदारसंघात हजारो संशयास्पद ऑनलाइन नोंदणी अर्ज आढळले आणि गुन्हा दाखल झाला. इथे २०१९ चा निकाल सुमारे २५०० मतांनी लागला, २०२४ चा सुमारे ३००० मतांनी. अशा ठिकाणी यादी तपासणं हे प्रचाराइतकंच मोठं काम आहे.

तपासायचं कसं? प्रारूप यादीचे भाग बूथप्रमाणे वाटून घ्या. एका घर क्रमांकावर दहापेक्षा जास्त नावं, वेगवेगळ्या आडनावांची एकाच पत्त्यावर गर्दी, रिकाम्या क्वार्टरवरची नावं आणि एकच छायाचित्र दोनदा, या चार गोष्टींवर खूण करा. कामगार कॅम्पमध्ये एका पत्त्यावर बरीच खरी माणसं राहतात. म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय नमुना ७ भरू नका. खऱ्या मजुराचं नाव चुकीच्या हरकतीने उडालं तर तो अन्याय तुमच्या हातून झालेला असेल.

ठेकेदाराचा गेटपास ओळखपत्र म्हणून चालतो का?

नाही. मतदार कार्ड नसेल तर आयोगाने ठरवलेल्या कागदांपैकी एक लागतो: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड, छायाचित्र असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, छायाचित्र असलेला पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं युनिक कार्ड वगैरे. केंद्र, राज्य, सार्वजनिक उपक्रम आणि पब्लिक लिमिटेड कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याला दिलेलं छायाचित्राचं ओळखपत्रही चालतं. म्हणून वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) किंवा मॉइल या सरकारी खाण कंपन्यांच्या कायम कामगाराचं कार्ड चालतं. त्याच खाणीत त्याच खड्ड्यात राबणाऱ्या ठेकेदारी कामगाराचा गेटपास चालत नाही. ठेकेदारी कामगारांनी आधार किंवा पासबुक सोबत ठेवावं. मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल असं समजू नका. केंद्रात मोबाइल नेता येत नाही, कागद हातात लागतो.

मतदानाच्या दिवशी पाळी आहे. सुट्टी मिळते का, पगार कापतात का?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाचा हक्क असलेल्या प्रत्येक कामगाराला भरपगारी सुट्टी मिळते. पगार कापता येत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. ठेकेदारी कामगारही यात येतात. मतदारसंघाचे मतदार असून कामाला बाहेरच्या जिल्ह्यात जाणाऱ्यांनाही हाच हक्क आहे. पोटनिवडणुकीत नेमका तोच विसरला जातो, कारण शेजारच्या मतदारसंघात नेहमीसारखं काम चालू असतं. मालकाला दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत आहे. तो इतका किरकोळ की त्याच्या भीतीने कोणी सुट्टी देत नाही. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या पत्राला मात्र खाण व्यवस्थापन मान देतं.

ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल, त्याला ही सुट्टी लागू नाही. खाणीत अशी कामं खरोखर असतात: पाणी उपसणारे पंप, भूमिगत खाणीचा मुख्य पंखा, माणसं खाली-वर नेणारं वाइंडिंग इंजिन. अशांसाठी पाळीत काही तासांची सवलत मागावी. मतदानाच्या आठ दिवस आधी युनियनने खाण व्यवस्थापकाला लेखी पत्र द्यावं. त्यात विभाग, पाळी आणि मतदान केंद्र यांचा तक्ता असावा, प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला जावी. पत्रात 'सर्वांना सुट्टी द्या' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. 'पंप विभाग, दुसरी पाळी, ११ जण, अमुक केंद्र, सकाळी ७ ते १०' असं लिहिलं तर येतं.

मतदान बहुतेक ठिकाणी सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असतं. गडचिरोलीच्या नक्षलप्रभावित भागात ते दुपारी ३ लाच संपत आलं आहे, त्यामुळे सुरजागडकडच्या कामगारांनी वेळ आधी विचारून घ्यावी. वेळ संपताना रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते आणि त्याचं मत घेतलं जातं. चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटतात, म्हणजे मागून नवा कोणी घुसत नाही.

ठेकेदार म्हणतो, अमक्याला मत दे, नाहीतर गेटपास बंद. काय करायचं?

हा गुन्हा आहे. नोकरीची धमकी म्हणजे निवडणुकीत गैरवाजवी दबाव आणणं. पैसे, दारू, साड्या वाटणं म्हणजे लाचखोरी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली दोन्ही भ्रष्ट आचरण ठरतात, भारतीय न्याय संहितेत त्यांना शिक्षा आहे.

निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करता येते. फोटो किंवा व्हिडिओ अ‍ॅपमधूनच, जागेवरच काढावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो ते घेत नाही. तक्रारीचा निपटारा १०० मिनिटांत करण्याचं उद्दिष्ट आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. नाव गेलं तर रोजी जाईल ही भीती खरी आहे, म्हणून ही सोय वापरा. भरारी पथक आणि केंद्रीय निरीक्षकांचे फोन नंबर जिल्हा प्रशासन जाहीर करतं, ते बूथप्रमुखाच्या वहीत पहिल्या पानावर असावेत.

आणि हे प्रत्येक कामगाराला सांगा: तुमचं मत कुणाला गेलं हे ठेकेदाराला कळण्याचा मार्ग नाही. व्हीव्हीपॅटची (मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि आतल्या पेटीत पडते. तिच्यावर तुमचं नाव नसतं.

आचारसंहितेत खनिज निधीची कामं थांबतात का?

खाणपट्ट्यात हा कळीचा मुद्दा आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे खाणधारकांकडून रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम जमा होते. २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांसाठी १० टक्के. त्यातून पाणी योजना, दवाखाने, शाळा, रस्ते होतात.

आचारसंहिता लागल्यावर नवीन कामाची घोषणा, मंजुरी आणि भूमिपूजन बंद. कार्यादेश निघाला पण प्रत्यक्ष काम सुरू झालं नाही, असं कामही सुरू करता येत नाही. जागेवर सुरू असलेलं काम थांबवायची गरज नाही, झालेल्या कामाचं बिलही देता येतं. टँकरने पाणी देणं अडत नाही. 'आचारसंहिता आहे' म्हणून चालू टँकर बंद केला तर तक्रार करा, तो गैरसमज किंवा आळस आहे.

पोटनिवडणुकीत आचारसंहिता किती भागात? मतदारसंघात राजधानी, महानगर किंवा महापालिकेचं क्षेत्र येत असेल तर त्या मतदारसंघापुरती, नाहीतर पूर्ण जिल्ह्यात. चंद्रपूर शहरात महापालिका आहे. त्यामुळे चंद्रपूरची आणि राजुऱ्याची पोटनिवडणूक यांत हा फरक पडतो.

अपक्ष उभं राहायचं आहे. काय लागतं?

अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. नमुना २-ब चा उमेदवारी अर्ज आणि नमुना २६ चं शपथपत्र, ज्यात एकही रकाना कोरा नको. 'लागू नाही' किंवा 'निरंक' असं लिहा. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. महाराष्ट्रात विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते.

मॉक पोलला आमचा माणूस असणं खरंच गरजेचं आहे का?

हो, पहाटे साडेपाचला. मतदान ७ ला असेल तर मॉक पोल (यंत्र तपासण्यासाठीचं सराव मतदान) ९० मिनिटं आधी सुरू होतो. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला किमान एक. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं त्याच क्रमाने. चिठ्ठ्या पेटीतून काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. शेवटी टोटल दाबून शून्य पाहायचं आणि मगच सही करायची.

गडबड इथेच होते. घाईत क्लिअर दाबायचं राहतं, किंवा चिठ्ठ्या पेटीतच राहतात. संध्याकाळी मशीनमध्ये रजिस्टरपेक्षा ५० मतं जास्त निघतात. एवढ्या एका चुकीने त्या केंद्राची सगळी मतं अडकू शकतात.

उन्हात व्हीव्हीपॅट बंद पडतात, हे खरं का?

भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक २८ मे २०१८ ला झाली. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी याच मतदारसंघात. त्या दिवशी इतकी यंत्रं बिघडली की ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. आयोगाने दिलेलं मुख्य कारण होतं सेन्सरवर पडलेला जास्तीचा प्रकाश.

म्हणून मतदान कक्ष खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली नको. पोलिंग एजंटने (उमेदवाराच्या केंद्रावरच्या प्रतिनिधीने) हे पहाटेच सांगावं, मतदान सुरू झाल्यावर टेबल हलवणं कठीण जातं. मतदान चालू असताना फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. कंट्रोल किंवा बॅलट युनिट (मतदाराने बटण दाबायचं यंत्र) बिघडलं तर पूर्ण संच बदलतात आणि प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल होतो. संच बदलला असेल तर त्या केंद्राची दोन कंट्रोल युनिट मोजणीला येतात. दोन्हींचे क्रमांक आणि बदलाची वेळ लिहून ठेवा. मोजणीच्या टेबलावर एकच आलं तर लगेच विचारता येईल.

मी गेलो तर माझ्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं होतं!

परत फिरू नका. ओळख पटवून दिलीत तर केंद्राध्यक्ष तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात आणि नमुना १७-ब मध्ये तुमची सही घेतात. यंत्रावर मत देता येत नाही. याला प्रदत्त मत म्हणतात. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. मग उपयोग काय? निकाल अगदी थोड्या मतांनी लागला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तर तुमच्या नावाने पडलेलं खोटं मत काढून हे मत मोजण्याची मागणी करता येते. राजस्थानात नाथद्वाराला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले. त्या आकड्यासमोर एकेक प्रदत्त मत जड असतं.

तोतया समोर उभा असेल आणि तुमची खात्री असेल, तर पोलिंग एजंट दोन रुपये भरून त्याच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो.

नमुना १७-सी म्हणजे काय, आणि तो इतका महत्त्वाचा का?

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्या केंद्राच्या मतांचा हिशेब १७-सी मध्ये लिहितात आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला त्याची साक्षांकित प्रत देतात. ही प्रत न घेता निघालेला एजंट दिवसभर बसून रिकाम्या हाताने परत आला असं समजा.

त्यात चार आकडे पाहा. रजिस्टर १७-अ मधले एकूण मतदार. सही करून मत न देता गेलेले. नियम मोडल्यामुळे मतदानापासून रोखलेले. आणि कंट्रोल युनिटमधली एकूण मतं. पहिल्यातून दुसरा आणि तिसरा वजा केला की चौथा आला पाहिजे. चिठ्ठीबाबत तक्रार करून कोणी चाचणी मत टाकलं असेल तर त्याची नोंद वेगळी असते, तीही धरा. शिवाय कंट्रोल युनिटचा क्रमांक, कागदी सीलचे क्रमांक, प्रदत्त मतांची संख्या.

रात्रीच सगळ्या केंद्रांच्या प्रती एका ठिकाणी जमा करा आणि बेरीज करा. ज्या केंद्रावर एजंट नव्हता तिथली प्रत मिळणार नाही, तीच केंद्रं मोजणीत आंधळी राहतात. एजंट त्याच केंद्राचा मतदार असावा, न मिळाल्यास त्याच मतदारसंघातला दुसरा मतदार चालतो.

मोजणीच्या टेबलावर आमच्या प्रतिनिधीने काय पाहायचं?

साधारणपणे एका सभागृहात १४ टेबलं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं एक. ३४० केंद्रं असतील तर २५ फेऱ्या. प्रत्येक टेबलाला एक प्रतिनिधी, नमुना १८ वर छायाचित्रासह, मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत यादी द्यावी लागते. मोबाइल आत नेता येत नाही. पेन, कोरे कागद आणि १७-सी च्या प्रती न्या.

प्रतिनिधी जाळीच्या पलीकडे बसतो. यंत्र आलं की आधी क्रमांक आणि सील १७-सी शी जुळवायचं, मग रिझल्ट दाबल्यावर दिसणारी एकूण मतं जुळवायची, मग उमेदवारनिहाय आकडे लिहायचे. आकडे पटापट जातात. एखादा निसटला तर पुन्हा दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. फेरीअखेर फलकावर लागलेला आकडा तुमच्या चौदा कागदांच्या बेरजेशी जुळतो का ते बाहेर बसलेल्या एकाने लगेच तपासावं. यंत्रातला आकडा बरोबर आणि तक्त्यात उतरवताना ७१ चे १७ झाले, ही चूक थकलेल्या माणसांकडून होते. सापडली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते.

टपाली मतं कधी मोजतात? ती बाद का होतात?

सुरुवात सकाळी ८ ला टपाली मतांनी, यंत्रं साडेआठपासून. सप्टेंबर २०२५ च्या आयोगाच्या सूचनेप्रमाणे टपाली मतांची मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. मोजणीच्या दिवशी सकाळी ८ नंतर आलेलं पाकीट उघडतच नाहीत.

बाद होण्याची कारणं ठरलेली: नमुना १३-अ ची घोषणा नाही, तिच्यावर सही किंवा साक्षांकन नाही, घोषणेवरचा मतपत्रिका क्रमांक आणि पाकिटावरचा क्रमांक वेगळा, दोघांसमोर खूण, किंवा मतपत्रिकेवर स्वतःची सही. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर सगळी बाद मतं पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. त्याचं चित्रीकरणही होतं. म्हणून बाद मतांचा आकडा सकाळीच कारणांसह लिहून घ्या.

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. खाण कामगार टपाली मतदानासाठीच्या अत्यावश्यक सेवेच्या यादीत आपोआप येत नाहीत, ती यादी प्रत्येक निवडणुकीत आयोग जाहीर करतो.

यंत्राने निकाल दाखवलाच नाही, किंवा मॉक पोलची मतं राहून गेली होती. मग?

ते यंत्र बाजूला ठेवून बाकीची मोजणी पूर्ण करतात. शेवटचं अंतर अशा सगळ्या यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा मोठं असेल तर निकाल तसाच लागतो. लहान असेल तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. म्हणून बाजूला ठेवलेल्या यंत्रांची केंद्रं आणि १७-सी मधले आकडे एका कागदावर वेगळे हवेत.

व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सगळ्या मोजतात का?

नाही. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्या. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजतात आणि तरी फरक राहिला तर कागदी चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. आणखी एखाद्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायच्या असतील तर निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ५६-ड खाली लेखी अर्ज द्यावा लागतो. निर्णय अधिकाऱ्याचा, कारणांसह.

फेरमोजणी कशी मागायची?

त्याच नियमांतला नियम ६३. शेवटच्या फेरीनंतर अधिकारी एकूण मतं जाहीर करतात. त्यानंतर नमुना २० वर (अंतिम निकालपत्रकावर) त्यांची सही होईपर्यंतच अर्ज देता येतो. सही झाली की संपलं. ही वेळ काही मिनिटांची असते आणि बाहेर गुलाल उधळला जात असतो. उमेदवार, तो नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मोजणी प्रतिनिधी अर्ज देऊ शकतो, म्हणजे कोणीतरी एक जण शेवटपर्यंत खुर्चीत पाहिजे.

अर्ज तोंडी चालत नाही. 'अंतर कमी आहे, पुन्हा मोजा' या कारणावर तो फेटाळला जातो. असं लिहा: केंद्र क्रमांक, कंट्रोल युनिट क्रमांक, १७-सी मधला आकडा, फलकावरचा आकडा, फरक. किंवा: इतकी टपाली मतं अमुक कारणाने बाद केली, अंतर इतकं. आदल्या रात्रीच दोन प्रतींत मसुदा तयार ठेवा, रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या. एका प्रतीवर वेळेसह पोच घ्या. अर्ज फेटाळला तर लेखी कारणांची प्रत मागा, उच्च न्यायालयात पहिला प्रश्न त्याचाच येतो.

समान मतं पडली तर?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे तिथेच चिठ्ठी काढतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत वाढवून निकाल देतात. नोटाला कितीही मतं पडली तरी निकाल बदलत नाही.

निकालानंतर काय करता येतं?

दोन वाटा, दोन्हींची मुदत कडक. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार सात दिवसांत, शुल्क भरून, विधानसभा मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करू शकतो. हा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालातून आला आहे.

दुसरी वाट निवडणूक याचिकेची. निकालापासून ४५ दिवसांत, विदर्भासाठी नागपूर खंडपीठात, उमेदवाराला किंवा त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदाराला दाखल करता येते. सुरक्षा ठेव २,००० रुपये. ४६ व्या दिवशीची याचिका उशीर माफ करूनही घेतली जात नाही. याचिका नसेल तर ४५ दिवसांनंतर केंद्रांचं चित्रीकरण नष्ट करायची मुभा आयोगाने २०२५ मध्ये दिली आहे. म्हणून ज्या केंद्राबद्दल शंका आहे तिथल्या चित्रीकरणाची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी नोंदवा. १७-सी च्या प्रती, फेरमोजणीच्या अर्जाची पोच, फेऱ्यांचे कागद आणि प्रदत्त मत देणाऱ्यांची नावं एका फाइलमध्ये लावून वकिलाकडे द्या. 'मशीनमध्ये घोळ झाला' या एका वाक्यावर याचिका उभी राहत नाही. कोणत्या केंद्रावर, किती मतं आणि त्याने निकाल कसा बदलतो, हे पानावर दिसावं लागतं.